यशाचे धनी कोण?

अमेरिकेत हायस्कुलातील मुलींच्या बास्केटबॉलमध्ये श्रेष्ठ राज्य कोणते, हा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो मिटण्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. आयोवाचा मनुष्य आयोवाचे नाव घेतो, टेनेसीचा टेनेसीचे. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्क ही मोठी राज्ये तर आपला हक्क गृहीत धरूनच बोलू लागतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस या खेळाचे नियम ठाऊक नसतील आणि यांतील काही राज्यांची नावे शाळेतील भूगोलाच्या पुस्तकानंतर पुन्हा कानी पडली नसतील. तरीही हा वाद आम्ही येथे विचारास घेत आहो. कारण त्याच्या पोटात एक जुना आणि सर्वत्र भेटणारा प्रश्न दडलेला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने घाम गाळून मिळविलेल्या यशावर तिच्या प्रांताचा हक्क कोठवर पोहोचतो, आणि हक्क सांगण्यास पुढे आलेल्या प्रांताने तिला काय दिले, हा हिशेब त्याच्याकडे मागावयाचा की नाही?

प्रथम हद्दीचा प्रश्न. अमेरिकेत हायस्कुलांचे खेळ प्रत्येक राज्याची आपापली संस्था चालविते. ती आपल्या राज्यापुरत्या स्पर्धा भरविते आणि आपल्या राज्याचा विजेता ठरविते. पण या राज्यविजेत्यांना एकमेकांसमोर उभे करून साऱ्या राष्ट्राचा विजेता ठरविणारी अधिकृत स्पर्धा मात्र अस्तित्वात नाही. म्हणजे पन्नास न्यायालये आहेत, प्रत्येकाचा निवाडा त्याच्या हद्दीत अंतिम आहे, आणि त्या सर्वांवर अपील ऐकणारे न्यायालय कोठेच नाही. ही उणीव वर्तमानपत्रे आणि क्रीडावार्ता देणाऱ्या संस्था आपापल्या याद्या छापून भरून काढतात. पण यादी म्हणजे निवाडा नव्हे. त्यातून ही पन्नास न्यायालयेही एका घाटाची नाहीत. इंडियानात १९९७-९८ पासून शाळांचे पटसंख्येप्रमाणे चार वर्ग पाडले गेले आणि दरसाल चार विजेते होऊ लागले; शेजारच्या केंटकीत मात्र खेड्यातील लहानशा शाळेपासून शहरातील प्रचंड शाळेपर्यंत सर्वांत मिळून एकच विजेता होतो. ‘राज्यविजेता’ हा शब्द एक असला तरी दोन राज्यांत त्याचा अर्थ दोन प्रकारचा आहे.

आमच्याकडील नैयायिकांची शिस्त अशी की आधी लक्षण ठरवावे आणि मग प्रमाण शोधावे. येथे उलटा प्रकार दिसतो. प्रत्येक जण आपल्या गाठोड्यातील प्रमाणे आधी बाहेर काढतो आणि त्यांना शोभेल असे श्रेष्ठतेचे लक्षण मागाहून तयार करतो. ज्याच्याकडे नामांकित खेळाडू आहेत तो खेळाडू मोजतो. ज्याच्याकडे परंपरा आहे तो वर्षे मोजतो. ज्याच्याकडे प्रेक्षक आहेत तो तिकिटे मोजतो. लोकसंख्येची गोष्ट तर कोणी काढीतच नाही. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची वस्ती सुमारे ३ कोटी ९५ लाख भरली आणि आयोवाची सुमारे ३२ लाख. बारापट मोठ्या घरात बारापट पराक्रमी मुली निघाल्या तर त्यात घराचे कौतुक ते किती करावयाचे?

तरी साक्षीपुरावा ऐकून घेणे आमचे कर्तव्य आहे. कॅलिफोर्नियाच्या बाजूने शेरिल मिलर हिचे नाव प्रथम पुकारले जाईल. १९८२ साली रिव्हरसाइड पॉलिटेक्निक हायस्कूलकडून खेळताना तिने एका सामन्यात १०५ गुण केले. त्याच राज्यातील मॉर्निंगसाइड हायस्कूलच्या लिसा लेस्ली हिने १९९० साली सामन्याच्या केवळ पहिल्या अर्धात १०१ गुण केले आणि मध्यंतरानंतर समोरचा संघ मैदानात उतरलाच नाही. यावर न्यूयॉर्कचा वकील तत्काळ उठून सांगेल की २००६ साली मॅनहॅटनमधील मरी बर्गट्रॉम हायस्कूलच्या एपिफनी प्रिन्स हिने ११३ गुण केले. शिवाय क्वीन्समधील ख्राइस्ट द किंग या एकाच शाळेने शमीक होल्ड्सक्लॉ आणि स्यू बर्ड अशा दोन जगप्रसिद्ध खेळाडू दिल्या. आकडे खरे आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक साक्षीची उलटतपासणी व्हावयास हवी.

मिलरच्या १०५ गुणांच्या सामन्याचा शेवट १७९ विरुद्ध १५ असा झाला. प्रिन्सच्या ११३ गुणांचा सामना १३७ विरुद्ध ३२ असा संपला. आम्ही विचारतो, हे १५ आणि हे ३२ कोणाचे? समोर उभ्या असलेल्या मुली काही परराज्यातून आणलेल्या नव्हत्या. त्याच राज्यातील, त्याच शहरातील शाळेतल्या मुली त्या होत्या. कॅलिफोर्नियाने १७९ आपल्या खात्यावर लिहावयाचे आणि १५ कोणाच्याच खात्यावर लिहावयाचे नाहीत, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? ज्या दस्तऐवजाने वादी आपला हक्क सिद्ध करू पाहतो त्याच दस्तऐवजाच्या पाठीमागे त्याच्याविरुद्धची कबुली लिहिलेली असावी, असे प्रसंग न्यायालयात वारंवार येतात. हा त्यांपैकीच एक. एका मुलीच्या अलौकिक कर्तृत्वाची ती नोंद आहे, यात संशय नाही. पण राज्याविषयी ती काही सांगत असेल तर एवढेच सांगते की तेथे एका शाळेत शिकविणारे, वेळ आणि मैदान होते, आणि तिच्या शेजारच्या शाळेत त्यांपैकी काहीतरी फार कमी होते.

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो. शास्त्रकारांनी त्याला स्थालीपुलाकन्याय असे भारदस्त नाव दिले आहे. हा न्याय खोटा नाही, पण त्याच्या पोटात एक अट आहे, ती अशी की साऱ्या भांड्याखाली एकच चूल असावी आणि आंच सर्वत्र सारखी लागलेली असावी. भांड्याच्या एका कडेला जाळ आणि दुसऱ्या कडेला राख असेल तर शिजलेले एक शीत हाती धरून भात झाला म्हणणाऱ्याच्या पानावर कच्चे तांदूळ पडावयाचे. टेनेसीचेच पाहा. पॅट समिट यांनी १९७४ ते २०१२ पर्यंत टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाला शिकविले, १,०९८ सामने जिंकले, आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. टेनेसीच्या श्रेष्ठत्वाचा विषय निघाला की त्यांचे नाव प्रथम निघते. परंतु याच पॅट शाळकरी वयाच्या असताना त्यांच्या क्लार्क्सव्हिल गावच्या हायस्कुलात मुलींचा संघच नव्हता. मुलीला खेळता यावे म्हणून आईबापांनी बिऱ्हाड हलवून शेजारच्या तालुक्यातील हेन्रिएटा येथे नेले. मुलीच्या खेळासाठी घर हलविणारे शेतकरी आईबाप किती घरी असतात? ज्या मुलीच्या घरच्यांना ते जमले नाही तिचे नाव आपल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. पॅट समिट यांचा मान टेनेसीने अवश्य मिरवावा. पण त्या मानात क्लार्क्सव्हिलचा वाटा किती आणि बिऱ्हाड हलविणाऱ्या बापाचा किती, याची फोड करावयास बसलो तर राज्याच्या वाट्याला फारसे उरत नाही.

याहून कठोर उदाहरण लुइझियानाचे. त्या राज्यातील बॅस्किन नावाच्या लहान गावच्या मुलींनी १९४७ ते १९५३ या काळात लागोपाठ २१८ सामने जिंकले. एखाद्या खेड्याने असा पराक्रम करावा हे खरोखर नवल आहे. पण ही वर्षे वर्णभेदाची होती. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. सार्वजनिक शाळांतील हा भेद घटनाविरुद्ध असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९५४ साली झाला. त्या २१८ सामन्यांत राज्यातील काळ्या मुलींचा एकही संघ बॅस्किनसमोर उभा राहू शकत नव्हता. त्या खेडवळ मुलींचा यात तिळमात्र दोष नाही. समोर जो आला त्याच्याशी त्या खेळल्या आणि जिंकल्या. पण ‘राज्यात अजिंक्य’ या शब्दांतील ‘राज्य’ अर्धेच होते, ही गोष्ट राज्याने आपल्या मानपत्रात लिहावयास हवी.

आणि ज्या राज्यांत बास्केटबॉल म्हणजे जणू कुळाचार, तेथे काय होते? इंडियानात मुलांची राज्यस्पर्धा १९११ पासून चालू आहे. गावोगावी लोकांनी गावाच्या वस्तीहून मोठी क्रीडागृहे बांधली, अशी त्या राज्याची ख्याती. मुलींची पहिली राज्यस्पर्धा तेथे भरली १९७६ साली. मधली पासष्ट वर्षे त्या क्रीडागृहांत मुली येत होत्या त्या टाळ्या वाजविण्यास. केंटकीचे वर्तन तर अधिक चमत्कारिक आहे. तेथे मुलींची राज्यस्पर्धा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात होत होती; १९३२ नंतर ती बंद पडली आणि पुन्हा भरली १९७५ साली. १९३२ मध्ये चौदा वर्षांची असलेली मुलगी १९७५ मध्ये सत्तावन्न वर्षांची झालेली असणार. आज या दोन्ही राज्यांत मुलींचा खेळ उत्तम आहे आणि दोघांचेही वकील आजच्या वादात हिरिरीने बोलतात. बोलावे. पण परंपरेचा पुरावा देताना त्यांनी ही कोरी पानेही न्यायालयापुढे ठेवावीत.

आता आयोवा. या राज्यापाशी आम्हांस अधिक वेळ थांबावे लागेल. त्याचा दावा सर्वांत बळकट आहे, आणि खरा नैतिक पेचही तेथेच आहे.

आयोवा हे शेतकऱ्यांचे राज्य. मक्याची शेते आणि लहान लहान गावे. १९२० साली डे मॉइन्स येथे त्या राज्यातील मुलींची पहिली राज्यस्पर्धा झाली. त्या सुमारास अमेरिकेतील स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात एक मत जोर धरीत होते. चुरशीच्या, प्रेक्षकांसमोरच्या स्पर्धा मुलींच्या प्रकृतीस आणि शीलास अपायकारक आहेत, असे ते मत. ते सांगणारे सनातनी पुरुष नव्हते. पुष्कळशा सुशिक्षित, सुधारक, व्यायामशास्त्रात पारंगत अशा स्त्रियाच होत्या. १९२३ मध्ये त्यांनी या मताचा संघटितपणे पुरस्कार केला. थोड्या निवडक मुलींनी खेळावे आणि बाकीच्यांनी पाहावे यापेक्षा प्रत्येक मुलीने खेळावे, असे त्यांचे म्हणणे. ऐकावयास किती सुंदर! पण या सुंदर तत्त्वाच्या आधाराने पुष्कळ राज्यांत मुलींच्या स्पर्धा गुंडाळल्या गेल्या, आणि ‘प्रत्येक मुलीने खेळावे’ या वाक्यातील स्पर्धा तेवढी गेली, प्रत्येकीचा खेळ मात्र पुष्कळ ठिकाणी आलाच नाही. आयोवाच्या राज्यसंस्थेनेही १९२५ साली मुलींच्या स्पर्धांतून अंग काढून घेण्याचे ठरविले. तेव्हा खेड्यापाड्यांतील शाळांचे चालक उठले. त्यांनी मुलींच्या खेळासाठी वेगळी संस्था काढली. ती आजही चालू आहे. पंडितांचे न ऐकता आपल्या मुलींना खेळू देणारे हे खेडूत शाळाचालक आम्हांस फार मोठे वाटतात.

पण त्या खेळाचे स्वरूप पाहा. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल काढला, आणि लवकरच जवळच्या स्मिथ कॉलेजातील सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींसाठी बदलून घेतला. मुलींना फार धावावे लागू नये म्हणून त्यांनी मैदानाचे भाग पाडले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात राहावे असा नियम केला. या वळणाचा जो खेळ आयोवात रुजला त्यात एका बाजूला सहा मुली असत. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्धात, तीन गार्ड दुसऱ्या अर्धात. मधली रेषा कोणीही ओलांडावयाची नाही, आणि चेंडू दोनदाच जमिनीवर आपटावयाचा. गुण करण्याचा अधिकार फॉरवर्डना. गार्डने फक्त अडवावयाचे. आमच्याकडे आट्यापाट्यांत पाटी धरणारा आपली पाटी सोडीत नाही. पण तेथे डाव पालटला की अडविणारा धावणारा होतो. आयोवाच्या गार्डचा डाव कधीच पालटत नसे. चार वर्षांच्या शालेय आयुष्यात तिने एकदाही टोपलीत चेंडू टाकावयाचा नाही, असा तो नियम होता.

या नियमांखाली आयोवाने जे उभे केले तसे वैभव दुसऱ्या कोणत्याही राज्याने शाळकरी मुलींभोवती उभे केले नव्हते. डे मॉइन्सच्या सभागृहात मुलींच्या राज्यस्पर्धेला पंधरा हजारांच्या आसपास माणसे दाटीवाटीने बसत. सामने दूरचित्रवाणीवर दिसत. १९६८ चा अंतिम सामना जादा वेळेत ११३ विरुद्ध १०७ असा सुटला. युनियन-व्हिटन शाळेच्या डेनिस लाँग हिने ६४ गुण केले, एव्हर्लीच्या जीनेट ओल्सन हिने ७६. आणि ७६ गुण करणारी हरली. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने लाँग हिची निवड जाहीर केली. ती निवड रद्द झाली हे सांगावयास नको. १९८७ साली लिन लॉरेन्झन हिने आपली शालेय कारकीर्द संपविली तेव्हा तिच्या नावावर ६,७३६ गुण होते. इंडियानातील मुली टाळ्या वाजवीत होत्या त्या काळात आयोवातील खेड्याखेड्यांत मुलगी हीच गावाची शान होती. पण यालाही एक अपवाद आहे. आयोवातील मोठ्या शहरांच्या शाळा बराच काळ या खेळापासून दूरच राहिल्या. मुलींचा हा उत्सव मुख्यतः लहान गावांचा होता.

तर मग काय म्हणावयाचे? अर्धे मैदान आणि भरलेले सभागृह एकीकडे. पुरे मैदान देण्याचा प्रश्नच जेथे उद्भवत नाही, कारण मैदानच दिलेले नाही, ते दुसरीकडे. वकील म्हणून आमची पहिली ऊर्मी अशी की अर्धा हक्क हा हक्क नव्हे. पण ज्याला काहीच मिळालेले नाही त्याच्यासमोर हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते.

हा पेच पुढे खरोखरच न्यायालयात गेला, आणि तेथे जे झाले ते आमच्या व्यवसायातील मंडळींनी वाचण्यासारखे आहे. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. तो ‘टायटल नाइन’ या नावाने प्रसिद्ध आहे. संघराज्याचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करू नये, एवढेच तो मूळ कलमात सांगतो. खेळाचा त्यात शब्दही नाही. त्या वेळी हायस्कुलांच्या खेळांत मुलगे ३६ लाखांहून अधिक होते आणि मुली सुमारे २ लाख ९४ हजार. वारे बदलू लागले तेव्हा सहा जणींचा खेळ चालू असलेल्या राज्यांतील मुलींनी अर्ध्या मैदानाविरुद्ध फिर्यादी केल्या. टेनेसीत ओक रिज येथील एका गार्डची तक्रार अशी की मला गुण करूच दिले जात नाहीत, म्हणून महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी माझ्याकडे दाखविण्यास काहीच नाही. १९७६ मध्ये पहिल्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला; १९७७ मध्ये अपिलात तो फिरला. ओक्लाहोमातील तशीच फिर्याद फेटाळली गेली. अर्कान्सातील मुलगी मात्र १९७९ मध्ये जिंकली. प्रश्न तोच, नियम जवळजवळ तेच, घटनेतील समतेचे कलमही तेच. आणि निवाडे दोन तऱ्हेचे. वाचकांनी याचा विस्मय मानू नये. आमच्या व्यवसायात हे असे चालते.

अर्कान्साच्या निवाड्यातील एक मुद्दा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. नियमाच्या बाजूने शेवटी जे कारण उरले ते मुलींच्या प्रकृतीचे नव्हते, सुरक्षिततेचेही नव्हते. आमच्याकडे असेच खेळत आले आहेत, हे होते. म्हणजे वहिवाट. जमिनीच्या दाव्यांत वहिवाटीला मोल आहे, देवस्थानांच्या मानपानाच्या दाव्यांत तर वहिवाटीवाचून पान हलत नाही. पालखीला पहिला खांदा कोणाचा, या प्रश्नावर दोन-दोन पिढ्या न्यायालयात उभ्या राहिलेल्या आमच्या वाचकांस ठाऊकच आहेत. पण वहिवाट ही ज्याने उपभोग घेतला त्याच्या बाजूने उभी राहणारी गोष्ट आहे. ज्याला रेषेच्या अलीकडे थांबविले त्याच्याविरुद्ध, ‘तू आजवर थांबलास म्हणून यापुढेही थांब’ असे सांगण्यासाठी तिचा उपयोग करणे म्हणजे अन्यायाच्या वयालाच त्याचा दाखला ठरविणे होय. न्यायाधीशांनी हे कारण पुरेसे मानले नाही, ते योग्यच केले.

टेनेसीच्या संस्थेने खटला जिंकूनही लवकरच पाच जणींचा पूर्ण मैदानाचा खेळ स्वीकारला. आयोवात १९८३ साली फिर्याद झाली, मग काही वर्षे दोन्ही खेळ शेजारी शेजारी चालले आणि १९९३ मध्ये सहा जणींचा खेळ संपला. ओक्लाहोमात तो १९९५ पर्यंत टिकला. आयोवातील पुष्कळ लोकांना याचे दुःख झाले, आणि ते ढोंगी नव्हते. गावच्या मुलींची ती सभागृहे पुन्हा तशी भरली नाहीत, अशी त्यांची तक्रार. या दुःखाकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु प्रेक्षकाचे दुःख आणि खेळणारीचा हक्क यांत निवड करावयाची झाली तर ती कोणत्या बाजूने करावी, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

श्रेष्ठ राज्य कोणते, याची कसोटी विचाराल तर आम्ही ती अशी लावू. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली समाजाच्या न्याय्यतेसाठी एक कल्पना सुचविली: आपण कोणाच्या पोटी जन्मणार हे ठाऊक नसताना माणसाने कोणती व्यवस्था निवडली असती ते पाहावे. तीच येथे लावावी. जन्माला यावयाच्या मुलीला ठाऊक नाही की ती उंच निपजेल की ठेंगणी, गोरी की काळी, शहरात की मक्याच्या शेतांत, फॉरवर्ड की गार्ड. तिने कोणते राज्य निवडावे? १९२३ च्या सुधारक स्त्रिया म्हणतील, आम्ही हेच तर सांगत होतो. नाही. ही न जन्मलेली मुलगी डेनिस लाँगही निघू शकते, हे त्या विसरल्या. सामान्य मुलीच्या नावाने असामान्य मुलीचे मैदान काढून घेणे आणि असामान्य मुलीच्या नावाने सामान्य मुलीला बाकावर बसविणे, या दोन्ही चुकांतून जे राज्य वाचले असेल त्याचे नाव ती घेईल. विसाव्या शतकातील कोणत्या राज्याचे नाव ती निःशंकपणे घेऊ शकली असती, हे आम्हांस सांगता येत नाही. आयोवाकडे ती सर्वांत अधिक वेळ पाहात राहिली असती, एवढे खरे. मात्र आपण गार्ड होणार नाही ना, हे विचारून घेतल्याशिवाय तिने पाऊल टाकले नसते.

आजच्या वादात तर ‘राज्य’ हा शब्दच झिजत चालला आहे. टेक्सासमधील नॅझरेथ या तीनेकशे वस्तीच्या गावाने मुलींची वीसहून अधिक राज्यविजेतेपदे मिळविली आहेत. हे यश कोट्यवधी वस्तीच्या टेक्सासचे की त्या तीनशे माणसांचे? दुसऱ्या टोकाला फ्लॉरिडातील माँटव्हर्ड अकादमीसारख्या निवासी शाळा आहेत. तेथे दुसऱ्या राज्यांतून विद्यार्थी येऊन राहतात आणि खेळतात. मुलगी वाढली एका राज्यात, सामना जिंकला दुसऱ्याच्या नावावर. शाळेबाहेरचे क्लबही आहेत. नामवंत मुलींचे शिक्षण आज पुष्कळ अंशी त्यांच्या संघांत होते, आणि त्यांचा प्रवास व फी आईबापांच्या खिशातून जाते. क्लार्क्सव्हिलहून बिऱ्हाड हलविणाऱ्या बापाचीच ही नवी आवृत्ती. हे हक्काचे भांडण चालू असताना एका आकड्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. हायस्कुलांत बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली १९९८-९९ मध्ये साडेचार लाखांहून अधिक होत्या. २०१८-१९ पर्यंत त्यांची संख्या चार लाखांच्या खाली उतरली. पन्नास राज्यांपैकी कोणीही या उताराचे धनीपण सांगण्यास पुढे आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हा दावा आमच्यासमोर आला असता तर आम्ही १०५ वाली, १०१ वाली आणि ११३ वाली यांना थोडा वेळ बाहेर बसविले असते आणि आयोवातील एखाद्या गार्डला प्रथम बोलाविले असते. लॉरेन्झनच्या ६,७३६ गुणांसमोर तिच्या नावापुढे शून्य आहे, आणि ते शून्य तिने खेळ कसा खेळला याविषयी काहीच सांगत नाही. चेंडू मधल्या रेषेपलीकडे गेला की तुम्ही काय करीत होता, असे आम्ही तिला विचारले असते. ती सांगेल, रेषेपाशी उभी राहून पाहात होते. पुढचा प्रश्न, तुम्हांला त्याचे वाईट वाटत असे काय. कदाचित ती म्हणेल, फार वाटत असे. आणि त्याच श्वासात असेही म्हणेल की त्या दिवशी आमचा सारा गाव मला पाहण्यासाठी डे मॉइन्सला आला होता. दोन्ही उत्तरे लिहून घ्यावी लागतील.